आईनं वाचलेली बातमी

आमच्या शाळेचा एक फळा शाळेच्या बाहेर होता. रस्त्याकडच्या भिंतीवर सिमेंटचा लांबट चौकोन करून त्याला काळा रंग दिलेला आणि पावसाचं पाणी ओघळू नये म्हणून वर वीतभर पत्रा ठोकलेला. आत वर्गांत चार फळे होते ते शाळेचे, हा मात्र गावाचा, असं लोहकरे सरांचं म्हणणं. सर आम्हांला भूगोल शिकवायचे. मूळचे निरगुडसरचे, बौद्ध घरातले. आजोबांनी धम्म घेतला त्याच वर्षी घरातली झाडून सगळी पोरं शाळेत घातली, हे ते आम्हांला वर्षातून एकदा तरी सांगायचे आणि सांगताना खडू खाली ठेवायचे. तर त्या बाहेरच्या फळ्यावर त्यांनी तीन रकाने आखून घेतले होते: काय झालं, कुठं झालं, आपला काय संबंध. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी नववीतल्या एकानं जगातली एक बातमी तिथं लिहायची. ‘चालू घडामोडी’ हा भारदस्त शब्द मला पुढं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत भेटला. सर नुसतं ‘जग’ म्हणायचे. “आज जग कुणाकडं?” असं विचारलं की समजायचं, आज पाळी कुणाची. दिवाळीनंतर माझं अक्षर बघून त्यांनी पाळ्याच बंद केल्या आणि जग कायमचं माझ्याकडं आलं. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे, आणि त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

सरांचे नियम दोनच होते. पहिला, बातमी दोन ठिकाणी ऐकल्या-वाचल्याशिवाय फळ्यावर चढवायची नाही. ऑफिसात एक जुना रेडिओ होता, त्यावर सकाळच्या बातम्या ऐकायच्या आणि आदल्या दुपारच्या एसटीनं आलेल्या वर्तमानपत्राशी ताडून बघायच्या. दुसरा नियम, तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही. हा रकाना जीव खायचा. कुठंतरी तेलाच्या विहिरींवर बॉम्ब पडले, तर राजुरीच्या बागांत औषध मारणारा ट्रॅक्टर डिझेल पितो हे आठवावं लागायचं. शेजारच्या देशानं कांदा घ्यायचा बंद केला, तर कळंबच्या बराखींत, म्हणजे कांदाचाळींत, कांदा पडून राहतो आणि मग आपल्या वाडीतल्या माणसांना काढणीला बोलावणं येत नाही, असं कडीला कडी जोडत घरापर्यंत यायचं. एकदा मी जर्मनीच्या निवडणुकीपुढं ‘आपला काही संबंध नाही’ असं लिहून मोकळी झाले. सर म्हणाले, “आपला हिरडा जातो कुठं, विचार जरा.” मी हिरड्याच्या व्यापाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मुंबई.” मुंबईच्या पुढं त्यालाही माहीत नव्हतं. सरांनी शोधलं तेव्हा कळलं की चामडं कमवायला आणि औषधाला तो परदेशी जातो; नेमका कोणत्या देशात, ते त्यांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तसं त्यांनी कबूलही केलं.

आमची वाडी शाळेपासून वर, अर्ध्या तासाच्या चढावर. सात घरं. पावसाळ्यात भात, वरच्या उतारांवर नाचणी आणि वरई, आणि उन्हाळा लागला की हिरडा. घरात माणसं तीन, कारण दादा बाहेर असायचा. बाबा उन्हाळ्यात कांदाकाढणीला खाली जायचे आणि आठवड्यानं वर यायचे. त्यांच्या अंगाला कांद्याच्या पातीचा वास यायचा तो दोन आंघोळींनीही जायचा नाही. आई दिवस उगवायच्या आत हिरडा झोडायला निघायची. काठीचा सपसप आवाज आणि फळं पानांतून खाली पडल्याचा बारीक टपटपाट, हा माझ्या झोपेतून उठण्याचा आवाज होता. अंगणभर हिरडा वाळत असायचा, त्याचा तुरट वास पाण्यालासुद्धा लागायचा. आईची बोटं त्या दिवसांत काळी पडायची. सकाळी नाचणीची भाकरी आणि हुलग्याची पिठी, संध्याकाळी मात्र भात. रायभोगाचा भात शिजायला लागला की त्याचा वास शेजारच्या शेवंतामावशीपर्यंत जायचा आणि ती आईला हाक मारायची, “हौसे, झाला का गं?” आमच्याकडं भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नाही. पाहुण्याला पोटभर भाकरी घातली आणि भात नसला तर तो घरी जाऊन सांगायचा, जेवायला काही विचारलं नाही.

आईला वाचायला मी शिकवलं. अंगणवाडीत बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता, तिथं ती चार दिवस गेली आणि सहीपुरतं गिरवून परत आली. पुढचं सगळं त्या बाहेरच्या फळ्यावर. हिरड्याची पाटी घेऊन ती व्यापाऱ्याकडं जायची, वाट शाळेवरूनच. पाटी खाली ठेवायची, पदरानं तोंड पुसायचं आणि वाचायचं. मनात वाचतात हे तिला मान्यच नव्हतं. तिचं वाचणं म्हणजे मोठ्यानं, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं. तिनं कुणाच्या मदतीशिवाय वाचलेला पहिला शब्द होता ‘जपान’. दिवसभर ती शेरडांना सांगत होती, जपान, जपान. जोडाक्षरांवर तिचा फार राग. “ह्ये काय, येका खाटंवर दोन मान्सं,” म्हणायची. रफाराला ती कोयता म्हणायची. लोहकरे सर येता-जाता तिला नमस्कार करायचे आणि म्हणायचे, “हौसाबाई, वर्गात येऊन बसा आता.” ती लाजून पाटी उचलायची. पण घरी आल्यावर मला विचारायची, “ही बातमी दोन ठिकानी ऐकली व्हतीस ना गं?” तो नियम तिला वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा पाठ होता.

दादा म्हणजे सुदाम, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मुंबईत एका कँटीनात स्वयंपाकाला लागला आणि तिथल्याच कंत्राटदारानं त्याला येमेन देशात एडन बंदरावरच्या कँटीनात पाठवलं. नकाशात एडन मला सापडायला वेळ लागला नाही: मुंबईवरून समुद्र ओलांडत पश्चिमेला जायचं, जरा खाली, लाल समुद्राच्या तोंडाशी. आईला मी बोटानं दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “येवढंच? मंग दर आठवड्याला यायला काय झालं?” रविवारी वाडीमागच्या टेकाडावर जाऊन फोनला रेंज मिळवायची आणि दादाशी बोलायचं, हा घरचा सण. दादा सांगायचा, “हितं बी डोंगरच हाय आये, आपल्यासारखा. पन झाड म्हनून न्हाई.” आई काळजीत पडायची. “झाडच न्हाई तर मान्सं उन्हाळ्यात करत्यात काय मंग?”

मग तिथं लढाई पेटली. रविवारी दादाचा फोन आला तेव्हा तो आईच्या हातात जायच्या आत दादा माझ्याशी बोलला. म्हणाला, विमानतळ बंद झालाय, बॉम्ब पडतायत, पासपोर्ट कंत्राटदाराच्या एडनमधल्या ऑफिसात आणि ऑफिसाला कुलूप. “आयेला सांगू नगं,” म्हणाला. त्यानंतर फोन लागेना. पण आमच्याकडं टीव्ही होता, डिशवाला, आणि त्यात येमेन हे नाव आईनं ऐकलं आणि धुरातली घरं बघितली. दुसऱ्या दिवशी बाबांनी डिशची वायर मागून काढून ठेवली आणि सांगितलं, रिचार्ज संपला. वाडीतल्या बाकीच्यांनाही त्यांनी बजावलं की हौसाला काही सांगायचं नाही. मग ते कळंबला काढणीला निघून गेले, कारण बोलावणं आलं होतं आणि घरी बसून आईकडं बघणं त्यांच्यानं होईना. आई वरसूबाई देवीच्या ठाण्यावर गेली, ओटी भरली आणि नवस बोलली. सुदाम येस्तवर भात तोंडात घालायची नाही. तो आला की ठाण्यावर साऱ्या वाडीला भात घालीन आणि त्या पंगतीत मी खाईन. त्या दिवसापासून ती आमच्यापुरता भात शिजवायची आणि स्वतः भाकरी घेऊन उंबऱ्यात बसायची.

टीव्ही गेल्यावर आईला जगाची एकच खिडकी राहिली आणि तिच्यात मी खडू घेऊन उभी. मी येमेन लिहायचंच टाळलं. कुठं पूर आला, कुठं निवडणूक लागली, हेच चढवत राहिले. सरांच्या ते ध्यानात आलं. म्हणाले, “ज्योती, लिहायचं नसेल तर येमेन लिहू नकोस, मी काही म्हणणार नाही. गप्प बसायची मोकळीक असते. पण लिहिलंस तर खरं लिही.” आई रोज यायची, पूर वाचायची, निवडणूक वाचायची आणि मग विचारायची, “आन मपल्या सुदामचं?” शेवटी एक दिवस रेडिओवर आणि पेपरात दोन्हीकडं सापडलं म्हणून मी लिहिलं: ‘येमेनमधून काही भारतीय जहाजाने बाहेर.’ आईनं ते तीनदा वाचलं. “काही म्हंजी किती?” मी म्हटलं, “काही म्हणजे काही.” “त्यात सुदाम हाय का न्हाई?” मला माहीत नव्हतं. तिसऱ्या रकान्यात मी काय लिहिलं होतं सांगू? ‘समुद्रमार्गाने होणारा व्यापार विस्कळीत होण्याची शक्यता.’ आजही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात.

आता मी स्वतः भूगोल शिकवते. वर्गातल्या पोरांच्या घरी फोन आहेत, त्यांना जग हवं तेव्हा बघता येतं आणि बहुतेक वेळा ती दुसरंच काहीतरी बघतात. मध्यंतरी त्याच लाल समुद्राच्या तोंडाशी जहाजांवर हल्ले व्हायला लागले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. मी नकाशा टांगला आणि विचारलं, आपला काय संबंध? एक मुलगी पटकन म्हणाली, “मॅडम, आमच्या मामांची द्राक्षं जहाजात आहेत.” बरोबर उत्तर. मी शाबासकी दिली. पण माझ्या डोक्यात पहिलं आलं ते असं, की त्या जहाजावर स्वयंपाकाला कोण असेल.

दादाचा फोन लागत नव्हता त्या दिवसांत सर दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मंचरला गेले आणि ऑफिसची किल्ली माझ्याकडं देऊन गेले. पहिल्याच सकाळी मी रेडिओ लावला. बातमी स्पष्ट होती. बरेचसे भारतीय बाहेर आलेत, काही अजून अडकलेत, आणि जहाजांच्या फेऱ्या आता थांबवत आणल्या आहेत. म्हणजे जो आला नाही तो तिथंच राहणार, एवढं मला कळत होतं. मी खडू घेऊन बाहेर आले, तर आई फळ्यासमोर उभी. इतक्या सकाळी ती कधी येत नसे. पाटीत मूठभरच हिरडा होता. झोडायला गेली असावी आणि अर्ध्यातून उठून आली असावी. “लिव,” म्हणाली. “मी वाचते संगं संगं.”

मी लिहायला लागले आणि ती माझ्या खांद्यामागून एकेक अक्षर उचलायला लागली. ये, मे, न. म, धी, ल. मग थांबली, कारण मी थांबले होते. पुढचा शब्द ‘बरेचसे’. ब लिहायला हात वर गेला. मागं तिचा श्वास ऐकू येत होता, धापेचा, चढ उतरून आल्याचा. दहा-बारा दिवसांत तिची गळ्याजवळची हाडं वर आली होती. मी स लिहिला. “स,” ती म्हणाली. मी र्व लिहिला. “व. वर कोयता.” जरा वेळ लागला तिला. “सर्व. सर्व म्हंजी समदी?”

“हो.”

“समदी?”

“हो, आई.”

‘येमेनमधील सर्व भारतीय सुखरूप बाहेर.’ तिनं सगळं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी रस्त्याच्या पलीकडच्या चहावाल्याला ऐकू जाईल असं. अक्षरांना तिनं हात लावला नाही, पुसतील म्हणून. मग माझ्याकडं वळून विचारलं, “दोन ठिकानी ऐकलंस?”

“ऐकलं,” मी म्हटलं.

“मंग त्या तिसऱ्या घरात लिव की. आपलं मानूस हाय म्हनून लिव.” आणि मी लिहिलं. ‘आपल्या वाडीचा सुदाम त्यांत आहे.’ एक खोटं बोललं की दुसरं आपसूक येतं असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की दुसरं आपसूक येत नाही, समोरचं माणूस हसून ते मागतं. चहावाला रस्ता ओलांडून आला, म्हणाला, “व्हय, व्हय, टीव्हीत बी दावलं, मुंबईला उतरत व्हती मान्सं. हौसाबाई, चा घ्या राव आता!” आईनं जन्मात पहिल्यांदा हॉटेलातला चहा घेतला, उभ्यानं, बशीत ओतून. मला तेव्हा भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तिला हसताना बघितलं आणि वाटलं, आता हे खरंच होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरसूबाईच्या ठाण्यावर पंगत. सात घरांच्या बायकांनी रायभोग निवडला, शेवंतामावशीनं कोंबड्याचा रस्सा केला, बाबांना निरोप गेला तसे ते कळंबहून पाठीवर कांद्याचं पोतं घेऊन चढत आले. वाडीच्या तोंडाशी त्यांनी पोतं टाकलं आणि रडायला लागले. मी बाबांना रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. “पोरी, तुपल्या फळ्यानं वाचवलं बघ आमाला,” म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. आईनं देवीपुढं भाताची मूद ठेवली, सगळ्यांना वाढलं आणि शेवटी स्वतःच्या पानात घेतलं. पहिला घास घेताना तिनं डोळे मिटले. भात फार गरम होता, तरी थांबली नाही.

सर दुपारच्या एसटीनं परतले, फळा वाचला आणि तसेच वाडीवर चढून आले. सगळ्यांनी त्यांना बसा बसा केलं. त्यांनी मला खुणेनं ठाण्यामागं बोलावलं.

“दुसरं ठिकाण कोणतं?”

“नाही, सर.”

“पहिलं?”

“तेपण नाही.”

पंगतीतून हसण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, “तुम्ही सांगा ना आईला.” ते म्हणाले, “मी सांगणार नाही. अक्षर तुझं आहे. उद्या सकाळी दुरुस्ती लिही. पेपरवालेसुद्धा चुकीचं छापलं तर दुसऱ्या दिवशी लिहितात. मी शेजारी उभा राहतो.” मग म्हणाले, “आज जेवू दे त्यांना.” आणि ते स्वतःही पंगतीत जाऊन बसले. आईनं त्यांना आग्रह करकरून वाढलं. मान खाली घालून त्यांनी पानातलं शीतन् शीत संपवलं. ते तेव्हा का जेवले, हे मी पुढं एकदा त्यांना विचारलं. म्हणाले, “उठून गेलो असतो तर तिला तिथंच कळलं असतं. आणि मला भूकही लागली होती, ज्योती.”

सकाळी मी दुरुस्ती लिहिली. सर म्हणत होते ‘चुकीची’ लिही, मी ‘खोटी’ लिहिलं. ‘परवाची येमेनची बातमी खोटी होती. सर्व भारतीय बाहेर आलेले नाहीत. सुदामची काही खबर नाही. लिहिणारी: ज्योती.’ आई रोजच्या वेळेला आली, त्या दिवशी भरलेली पाटी घेऊन, सरांना हसून नमस्कार करत. पाटी ठेवली, तोंड पुसलं, वाचायला लागली. ‘खोटी’ तिला एका दमात वाचता आलं, त्यात जोडाक्षर नव्हतं. पुढं आवाज बारीक होत गेला, पण ती थांबली नाही, माझ्या नावापर्यंत वाचून काढलं. सर म्हणाले, “हौसाबाई, पोरीनं तुमच्या मायेपायी—” तिनं हातानं त्यांना थांबवलं. माझ्याकडं बघून म्हणाली, “मंग मला वाचाया शिकावलंसच कशाला?”

आवाज चढवला नाही. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. पाटी उचलून ती व्यापाऱ्याकडं न जाता परत वर गेली. बाबांना कळल्यावर ते त्याच दुपारी मुंबईला गेले आणि कंत्राटदाराच्या ऑफिसच्या पायरीवर बसून राहिले. आईनं पुन्हा भात सोडला. पण आता तिच्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. शेवंतामावशीला ती सांगत होती, “नवस मी आधीच खाल्ला बाय. देवीला म्हनलं त्यो आल्यावर खाईन, आन त्यो यायच्या आधी मीच खाऊन बसले. आता कसा येईल त्यो?” दोष तिनं माझ्यावर ठेवला नाही, हे मी दाराआडून ऐकलं. ठेवला असता तर मला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. ज्या टोपात तो भात शिजला होता तो ती रोज राखेनं घासायची, घासलेलाच पुन्हा घासायची.

हिरडा संपत आला तेव्हा सरांच्या फोनवर दादाचा फोन आला. ओमान देशाच्या किनाऱ्यावरून. गुजरातकडच्या खलाशांचं एक गलबत निघालं होतं, त्यांना स्वयंपाकी हवा होता, आणि पासपोर्ट कुणी विचारला नव्हता. सर फोन घेऊन पळत वाडीवर आले; वाटेत रेंज गेली, टेकाडावर पुन्हा आली. आईनं फोन कानाला लावला आणि विचारलं, “जेवलास का?”

दादा आला, वाळलेला, दाढी वाढलेला. आईनं ठाण्यावर पुन्हा पंगत घातली. त्याला मी सगळं सांगितलं तर तो हसायला लागला. “आगं, मी बी दर रविवारी तिला खोटंच बोलत व्हतो की. लई आराम हाय, लई आराम हाय.” त्याचं खोटं तिनं कानांनी ऐकलं होतं. माझं तिनं स्वतः वाचलं होतं, घाम गाळून शिकलेल्या अक्षरांनी. हा फरक त्याला मी समजावून सांगू शकले नाही.

आई माझ्याशी कधी वाकडी वागली नाही. केस विंचरून दिले, डबा दिला, पुढं शिकायला जाते म्हटल्यावर बाबांशी भांडून मला पाठवलं. फक्त शाळेवरून जाताना ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायला लागली. साक्षरता वर्गाची परीक्षा झाली तेव्हा सही केली आणि कोरा पेपर देऊन आली. औषधाची चिठ्ठी, रेशनचा कागद, काही आलं की शेवंतामावशीच्या नातवाला हाक. मी घरात असले तरी.

आश्रमशाळेत माझी शिक्षिका म्हणून नेमणूक झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी सुट्टीत घरीच होते. आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसून पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग हात पदराला पुसले, पत्र माझ्या हातातून घेतलं, चार घड्या करून कनवटीला खोचलं आणि म्हणाली, “बरं. सुदाम येऊ दी शेतावनं. त्यो वाचंल.”

संध्याकाळी दादा आला. त्यानं तेच पत्र वाचलं. मग तिनं साखर वाटली.